छतावरची वीज, बिनव्याजाची

उन्हाळ्याचे वीजबिल आले की आपली नजर छताकडे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत घरावरील सौर संचासाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. दुकान-कारखान्याला ते नाही.

मात्र हे पैसे संच बसून तपासणी झाल्यावरच खात्यात येतात. तोवरची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. बँक कर्ज देते, पण व्याजाने. म्हणून आम्ही सुचवतो: बचतीतून किंवा भावंडांकडून कर्ज-ए-हसना घेऊन छोटा संच बसवावा आणि अनुदान येताच आधी उसने फेडावे. मीटर अजून मरहूम वडिलांच्या नावावर असेल, तर अर्जापूर्वी नाव बदलून घ्यावे.