ब्रेक मऊ लागतोय? माल भरण्याआधी हवा काढा

भाजीपाला भरून घाट उतरणाऱ्या पिकअपचा ब्रेक दोन-तीनदा मारल्यावरच धरत असेल, तर पाइपात हवा शिरलेली असू शकते. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही.

हवा काढायला २ माणसं लागतात. गाडी सपाटीवर लावून चाकांना दगड लावावेत. झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल भरावं. इंजिन ऑइलने आतली रबरं फुगतात. सुरुवात बहुतेक गाड्यांत सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचा. बुडबुड्यांसह तेल आलं की निप्पल आवळायचा, मगच पाय उचलायचा. नाहीतर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. टाकी रिकामी होऊ देऊ नये.

तरीही पेडल खाली बसलं, तर माल भरू नका, मेस्त्रीला बोलवा.