पालेभाजी बघितली की तोंड वाकडं? मग रस्सा, मिसळ अन् पिठल्यातनंच वाट काढा

कोल्हापूर : रविवारी मटण, बुधवारी अंडी, मधल्या दिवसांत झुणका नाहीतर बटाटा. ताटाच्या कडेला मेथी वाढलीच तर ती जेवण संपेपर्यंत तिथंच. असा एक तरी गडी जिल्ह्यातल्या प्रत्येक गल्लीत सापडतो. वय चाळिशीच्या पुढं, पोट शर्टाच्या बाहेर डोकावणारं. एक दिवस गावात तपासणी शिबिर लागतं, शुगर वाढलेली निघते आणि हातात चिठ्ठी पडते : वजन उतरवा, तेल कमी करा, भाज्या खा. घरात तीन दिवस उकडलेला दुधी शिजतो. चौथ्या दिवशी गडी म्हणतो, "यापेक्षा गोळी वाढवून घेतो."

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. आयसीएमआर-इंडिॲब या देशभरच्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला काहीच त्रास होत नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. पण मागं फिरायची सगळ्यात चांगली संधी त्यालाच असते.

उंबरठा ओळखायला घरातली शिवणाची टेपसुद्धा पुरते. आपल्याकडच्या लोकांसाठी पोटाचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) आणि बाईचा ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) याच्या पुढं गेला की धोका वाढतो, असं डॉक्टर मानतात. टेप पोटावरून, बेंबीच्या आसपास लावायची. पोटाखाली बांधलेल्या पँटचं माप इथं धरायचं नाही, त्यात बरेच जण स्वतःला फसवतात.

खुराक तोच, मेहनत गेली

कोल्हापूरचं जेवण वाईट, असं कुणी म्हणू नये. तालमीतला पैलवान दूध, तूप, बदाम, मटण खायचा आणि पहाटे जोर-बैठका मारून ते जिरवायचा. शेतकरी बैलामागं दिवसभर चालायचा. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, ऊस टोळी तोडते, मालक मोटरसायकलवरून बांधापर्यंत जातो. खुराक मात्र आजोबांचाच राहिला. दूध कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा ग्लास म्हणजे अडीचशेच्या पुढं कॅलरी. साखर घातली तर त्या वेगळ्या. रात्री जेवणानंतर हा ग्लास पिऊन झोपणाऱ्याच्या शरीरानं त्याचं करायचं काय? साठवायचं.

कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. खर्चापेक्षा जास्त आली की चरबी होते, इतकं कळलं तरी बास. जेवणात ती नेमकी कुठनं येते हे बघितलं तर मात्र धक्का बसतो. ज्वारीची एक चांगली मोठी भाकरी सुमारे सव्वादोनशे कॅलरीची. पोह्याच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास. म्हणजे रश्श्यावरचा एक चमचा तवंग जवळजवळ अर्ध्या भाकरीइतका. आणि पाव किलो काकडी अख्खी संपवली तरी पन्नास कॅलरी होत नाहीत! भाजीनं वजन उतरतं म्हणतात ते यासाठी. भाजीत पाणी आणि चोथा जास्त, त्यामुळं पोट भरतं आणि कॅलरी कमी जातात. चोथ्यामुळं शुगरही एकदम उसळत नाही.

पण त्याच भाजीत मूठभर दाण्याचं कूट आणि दोन पळ्या तेल गेलं, की हा हिशेब संपला. भरलं वांगं खाऊन 'आज भाजी खाल्ली' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वांगं तेल शोषून घेतं.

भाजी का जात नाही?

नावडीला नुसते 'लाड' म्हणून उडवून लावता येत नाही. कडू चव ओळखणारे जीन प्रत्येकात सारखे नसतात. एकाला कोबी गोडसर लागतो, तोच दुसऱ्याला उग्र लागू शकतो. काहींचं भांडण चवीशी नसतंच, ते भेंडीच्या चिकटपणाशी किंवा दुधीच्या लिबलिबीतपणाशी असतं. काही वेळा दोष शिजवण्यातही असतो. कोबी, फ्लॉवर जास्त वेळ शिजवला की त्यातल्या गंधकाचा वास सुटतो. तो वास लहानपणी नाकात बसला की चाळिशीतही कोबी म्हटलं की तोच आठवतो.

याच्यावर तोड आपल्याच स्वयंपाकात आहे. मीठ कडूपणा दाबतं, म्हणून कारल्याला मीठ लावून पिळतात. चिंच, आमसूल, लिंबू यांच्या आंबटपणानं भेंडीची तार कमी होते. फ्लॉवर झाकण न ठेवता मोठ्या आचेवर, थोडा करकरीत ठेवून परतला तर वासाची तक्रारच उरत नाही. शिवाय चव सवयीनंही बदलते. लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांत एखादी नावडती भाजी आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा थोडी थोडी चाखल्यावर आवडायला लागल्याचं दिसलं आहे. मोठ्या माणसालाही दोन घासांनी सुरुवात करायला हरकत नाही. वाटीभर वाढून 'संपव' म्हटलं की भांडणच होणार.

रस्सा सोडायचा नाही

कोल्हापुरी माणसाला रस्सा सोड म्हणणं म्हणजे उपाय फसवणंच. रस्सा ठेवायचा, त्यातलं तेल काढायचं. तांबडा रस्सा उकळल्यावर दहा-पंधरा मिनिटं हलवू नये. तर्री वर येते, ती पळीनं काढून घ्यावी. टाकायची गरज नाही, दुसऱ्या दिवशीच्या आमटीला फोडणी म्हणून चालते. चव कांदा-लसूण मसाल्यात, आल्यात, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यात असते. तर्री काढल्यानं ती जात नाही, फक्त लाली थोडी कमी दिसते.

दुसरी गोष्ट वाटणाची. वाटणातलं निम्मं खोबरं कमी करून त्या जागी भाजलेला कांदा, टोमॅटो आणि उकडलेला लाल भोपळा किंवा दुधी वाटून घातला तर रस्सा तितकाच दाट होतो. मसाल्यात भोपळा कुणाला ओळखू येत नाही. फक्त हे त्या माणसाला सांगून करावं. चोरून घातलेलं एकदा सापडलं की पुढच्या प्रत्येक वाटीवर संशय!

पांढऱ्या रश्श्याबद्दल मात्र एक गैरसमज आहे. तो तिखट नाही म्हणून हलका, असं समजून वाटीवर वाटी पितात. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काही ठिकाणी काजू. म्हणजे तवंग दिसला नाही तरी तो स्निग्धच. एक वाटी ठीक.

मटणाबरोबर कांदा, लिंबू, काकडी, मुळा हे कोल्हापूरकर मागून खातो. हीसुद्धा भाजीच आहे की. भाजी न खाणाऱ्याच्या ताटात हे सगळ्यात आधी वाढावं. रस्सा यायच्या आत एक काकडी आणि अर्धा मुळा पोटात गेला, तर तिसरी भाकरी आपोआप राहते.

मिसळीचंही तसंच. मिसळ मुळात मोडाच्या मटकीची. मटकीत प्रथिनंही आहेत आणि चोथाही. घोटाळा होतो तो वरच्या फरसाणानं. फरसाण तळलेलं, १०० ग्रॅमला पाचशेच्या पुढं कॅलरी. म्हणून सांगताना "मटकी जादा, फरसाण कमी, कट वरचं तेल काढून" असं सांगावं, वर कांदा-कोथिंबीर भरपूर घ्यावी, आणि स्लाइस दोनवर थांबवावेत. हॉटेलवाला हसेल. हसू दे.

न दिसणाऱ्या भाज्या

ज्याला ताटात हिरवं दिसलं की नको वाटतं, त्याला पिठलं-झुणका हा सगळ्यात सोपा मार्ग. झुणक्यात बेसनाच्या दुप्पट कांद्याची पात घालावी. शेवग्याचा पाला बारीक चिरून पिठल्यात चांगला मिसळतो. थालीपिठात किसलेला दुधी, कोबी, मेथी काहीही जातं. तेल तव्यावर ओतायचं नाही, फडक्यानं पुसल्यासारखं लावायचं. अंड्याच्या पोळीत कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि मूठभर पालक बारीक चिरून घातला तर वाद होत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी तिखट-लसूण घालून केली तर भाकरीबरोबर अशी जाते की दोडका खाल्ल्याचं कळतही नाही. चाकवत किंवा पालक डाळीबरोबर शिजवून, ताक घालून घोटला की पानाचा पोतच राहत नाही. पोताचं भांडण असणाऱ्यांनी आधी हा करून बघावा. हायवेवरच्या ढाब्यांनी गाजवलेला अख्खा मसूरही घरी कमी तेलात छान होतो. मात्र त्याच्याबरोबर बटर लावलेली रोटी मागवली तर मसुराला दोष देऊ नये.

बटाटा मात्र यात धरायचा नाही. आहारतज्ज्ञ त्याला भाजीत मोजत नाहीत, तो भाकरी-भाताच्या बाजूचा. चपाती, बटाट्याची भाजी आणि वर भात असं ताट म्हणजे तीन नावांचा एकच प्रकार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आज शून्यावर असलेल्यानं हा आकडा बघून घाबरू नये. रोज एक काकडी, एक टोमॅटो, एक कांदा आणि वाटीभर मोडाचं इतकं जरी सुरू झालं तरी निम्मी वाट आली. फळात पेरू आणि पपई गावात मिळतात, स्वस्तही असतात. रस काढून पिऊ नये, त्यात चोथा राहत नाही.

तेलाचा डबा किती दिवस जातो?

त्याच मार्गदर्शनात तेल-तूप माणशी दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात १५ लिटरचा डबा या हिशेबानं चार महिने जायला पाहिजे. डबा आणला त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा. दोन महिन्यांत संपला तर कोण किती खातं याची चर्चाच नको.

साखरेचाही असाच हिशेब. दिवसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. साखरेऐवजी गूळ घातला तर चालतं, अशी समजूत गुऱ्हाळाच्या मुलखात असणारच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या चवीला तोड नाही. पण कॅलरीत तो साखरेच्या अगदी जवळ आणि शुगरही तसाच वाढवतो. मधुमेह असलेल्यानं गुळाच्या चहाला औषध समजू नये.

हे सगळं करायचं कुणी? बहुतेक घरात एकाच बाईनं. कर्त्या माणसाला मटण, पोरांना बटाटा, सासूला मऊ भाजी, आणि स्वतःला उरेल ते. वर 'त्यांच्यासाठी वेगळं पथ्याचं करा' म्हटलं तर ते आठवडाभरही टिकत नाही. म्हणून वेगळा स्वयंपाक नकोच, सगळ्यांचाच रस्सा कमी तेलाचा व्हावा. काकडी चिरायला, मटकीला मोड आणायला तर कर्त्या माणसाचे हातही चालतात. पोटाचा घेर वाढलेल्या बायकाही काही कमी नाहीत, फक्त त्यांची तपासणी मागं पडते.

'भाजीवर औषध मारलेलं असतं, म्हणून खात नाही' असंही पुष्कळ जण सांगतात. काळजी खोटी नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यानं वरचा बराच अंश जातो, आणि घरचीच भाजी असेल तर प्रश्नच नाही. उसाच्या लावणीत पहिले दोन-तीन महिने सरीच्या बगलेत मेथी, कोथिंबीर, मुळा निघतो. बांधावर शेवग्याची दोन झाडं लावली तर शेंगा आणि पाला दोन्ही मिळतं. डोंगरी भागात, चंदगड, आजरा, गगनबावड्याकडं, नाचणी घरचीच असते. तिची ताकातली आंबील सकाळच्या चहा-बिस्किटापेक्षा कितीतरी चांगली.

आधी हे विचारून घ्या

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकदम जेवण निम्मं करू नका. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं तर शुगर खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो. अशा वेळी लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला काही भाज्या, फळं मोजून खावी लागतात. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी विचारणं गरजेचं आहे.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारलं तर त्या दिवस सांगतील. आधीच शुगर निघाली असेल तर डॉक्टरांना विचारून एचबीए१सी ही तपासणी करून घ्या, ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. शिबिराच्या आदल्या दोन दिवशी भात-गोड बंद करून तिला फसवता येत नाही. आजचा आकडा आणि पोटाचा घेर तेलाच्या डब्यावरच लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी दोन्ही पुन्हा मोजा.