साडेतीन तासांच्या अंतरावरची लेक

"आई, कळा सुरू झाल्यात गं. तू निघ."

डिसेंबरातली रात्र, साडेनऊची वेळ. डिंकाचे लाडू अजून डब्यात भरायचे होते, कारण माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं! पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ठरलं होतं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. जावई आसामात, दिब्रुगडजवळ चहाच्या मळ्यात नोकरीला.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून दिब्रुगडचं मोहनबारी विमानतळ सरळ रेषेत साधारण २,४५० किलोमीटर. कुठेही न थांबता विमान गेलं तर साडेतीन तास. पण तसं विमान आहे कुठे? लहान गावाहून लहान गावाला जायचं, म्हणजे आधी मोठ्या शहराच्या पाया पडायचं.

मुलानं घाईघाईत मिळतील ती तिकिटं काढली. पावणेअकराच्या बसनं मुंबई, तिथून गुवाहाटी, पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान. मुंबईचं विमान सुटायलाच दीड तास उशीर! गुवाहाटीला धापा टाकत काउंटरवर पोचले, तर पुढचं विमान गेलेलं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे जबाबदारी कुणाचीच नाही. पैसेही गेले. मैत्रिणींनो, असा प्रवास करायची वेळ आली तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. मग पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. मला हे तिथं, सामानाच्या ट्रॉलीला टेकून कळलं.

तेवढ्यात जावयांचा फोन. "आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

मी तिथंच खाली बसले. आनंद झालाच, पण आधी रडू आलं. लेकीच्या उशाशी मी नव्हते, मळ्यातली शेजारीण होती. लेक तिला 'बाइदेउ' म्हणते, म्हणजे ताई.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. पाच वाजताच बाहेर मिट्ट काळोख. आपल्याकडे त्या वेळी अंगणात ऊन असतं. दिब्रुगड कोल्हापूरच्या पूर्वेला वीस अंशांहून जास्त. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्याचा हिशेब जवळजवळ दीड तासाने पुढे. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. म्हणून चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' पाळतात, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे.

दवाखान्यात पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. घर सोडल्याला पस्तीस तास झाले होते. नात मुठी आवळून झोपलेली. लेकीनं लाडूचा डबा आधी मागितला, मग माझा हात धरला.

पत्रिकेसाठी वेळ विचारली, तर जावई म्हणाले, "चार वाजून दहा मिनिटं."

"अहो, तुमच्या मळ्याचे की आमचे?"

"मळ्याचे."

मी पिशवीतल्या डायरीत तीन-दहा लिहिलं.