एसीचे जीर्ण भाग आणि गृहस्थाची सावधानता

फाल्गुन सरता सरता ऊन तापू लागते आणि महावीर जयंतीच्या सुमारास अनेक घरांतील चार-पाच महिने बंद असलेला एसी पुन्हा सुरू होतो. जाळी धुतली जाते, रिमोटमध्ये नवे सेल पडतात आणि तयारी पूर्ण झाली असे मानले जाते. यंत्रातील जे विद्युतभाग वर्षानुवर्षे झिजत असतात, त्यांच्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तू उचलताना व ठेवताना ती नीट पाहून घ्यावी, ही आदान-निक्षेपण समितीची शिकवण जैन घरांना परिचित आहे. हीच दृष्टी विजेच्या उपकरणांकडे वळवली, तर पुष्कळ अपघात टळू शकतात.

पाहणीचा आरंभ भिंतीपासून करावा. दीड टनाचा एसी चालताना साधारण सात अँपिअर प्रवाह घेतो, तोही तासन्‌तास. म्हणून त्याला १६ अँपिअरचा प्लग व स्वतंत्र वायरिंग लागते. प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसत असेल, तर त्या जागी उष्णता निर्माण होते; उष्णतेने पकड आणखी सैल होते आणि हे चक्र वाढतच जाते. काळवंडलेली पिन, पिवळट किंवा तपकिरी पडलेले सॉकेट, जळक्या प्लास्टिकचा वास आणि कडक होऊन तडकलेले वायरीचे आवरण या खुणा कोणालाही ओळखता येतात. यांपैकी एकही दिसली, तर एसी बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

एमसीबी वारंवार पडत असेल, तर ती तक्रार नसून सूचना असते. अशा वेळी अधिक अँपिअरचा एमसीबी बसवून घेणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवण्यासारखे आहे. वायर तीच राहते, तिचे रक्षण मात्र नाहीसे होते.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत सर्वाधिक बिघडणारा भाग म्हणजे कपॅसिटर. अॅल्युमिनियमच्या लहान डब्यासारखा दिसणारा हा भाग कॉम्प्रेसरला सुरू होण्यास व चालण्यास साहाय्य करतो. उष्णतेने त्याची क्षमता हळूहळू घटते. मग बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो, पण खोली गार होत नाही. कॉम्प्रेसर काही क्षण घुमतो, टक असा आवाज करून थांबतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तोच प्रयत्न करतो. ही खूण ऐकू येताच एसी बंद करावा. काहीशे रुपयांच्या भागाकडे दुर्लक्ष झाले, तर हजारो रुपयांचा कॉम्प्रेसर जळू शकतो. तंत्रज्ञाने झाकण उघडल्यावर कपॅसिटरचा सपाट माथा फुगलेला किंवा तेल पाझरलेले दिसले, तर तो बदलावाच लागतो. बाहेरून ठाकठीक दिसणाराही निकामी असू शकतो. म्हणून मीटरने त्याचे मोजमाप करावयास सांगावे. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा असावा आणि त्याची व्होल्ट क्षमता जुन्यापेक्षा कमी नसावी.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरील सर्किट बोर्डाबाबतही हाच धोका असतो. म्हणून पाहणे, ऐकणे व वास ओळखणे हे गृहस्थाचे काम. झाकण उघडणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचे. रिमोटने एसी बंद केल्याने त्याचा वीजपुरवठा तुटत नाही, त्यासाठी एमसीबीच खाली करावा लागतो, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बाहेरच्या युनिटमध्ये मुंग्या व पाली शिरतात. रिलेच्या संपर्कबिंदूंमध्ये मुंग्या चिरडतात, बोर्डावर पाल आली की शॉर्ट सर्किट होते. जीव जातो आणि यंत्रही बंद पडते. त्यावर कीटकनाशक फवारणे हा उपाय नव्हे. वायरी आत जाण्याची भोके बंद करून घ्यावीत, हरवलेले स्क्रू बसवून झाकण घट्ट करावे आणि युनिटभोवती पालापाचोळा साचू देऊ नये. सर्व्हिसिंगच्या वेळी पाणी मारण्यापूर्वी आत कोणी जीव नाही ना, हे तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. पंख्यामागे पक्ष्याने घरटे केले असेल, तर पिल्ले उडून जाईपर्यंत ते युनिट बंदच ठेवावे.

समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढतो. तेथे वर्षातून दोनदा तपासणी उचित ठरते. इतरत्र उन्हाळ्यापूर्वीची एक तपासणी पुरते. घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असेल, तर ती एसी सुरू करण्याआधीच उरकावी.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा स्पष्ट निर्देश केला आहे. काळवंडलेला प्लग दिसूनही ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणे, हा प्रमादच होय. त्या एका प्लगपाशी झोपलेले कुटुंब असते आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचेही. पंधरा मिनिटांची पाहणी त्या साऱ्यांच्या रक्षणासाठी असते.