कोबी, कुकर आणि एक शिट्टी

बदलीचा आदेश हाती पडला की बँक अधिकारी प्रथम नकाशा पाहतो आणि त्यानंतर जेवणाच्या सोयीची चौकशी करतो. पदोन्नतीनंतर माझी नियुक्ती कोइम्बतूर येथे झाली, तेव्हा एका बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि चार भांडी एवढाच माझा संसार होता. वरण-भात त्या कुकरात निर्वेधपणे होत असे. भाजीचा भार मी खानावळीवर सोपविला होता.

वडिलांच्या निधनानंतर आई माझ्याकडे राहावयास आली आणि ही व्यवस्था कोलमडली. तिचे वरचे दात नुकतेच काढले होते, कवळी बसण्यास अजून महिना-दीड महिना होता. दहीभात आणि मेतकूट यांवर तिचे दिवस चालले होते. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही. परंतु ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. एके दिवशी मी फारच आग्रह केल्यावर ती म्हणाली, ‘‘कोबीची भाजी खावीशी वाटते रे.’’ मला आश्चर्य वाटले. आमच्या घरी कोबी क्वचितच येत असे, कारण वडिलांना तो मुळीच आवडत नसे. आईला तो आवडतो, हे मला समजले तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो.

कोइम्बतूरला कोबीची वाण नाही. निलगिरीच्या डोंगरउतारावरचे घट्ट, जड गड्डे मेट्टुपाळयमच्या बाजूने शहरात येतात. तमिळमध्ये त्याला ‘मुट्टैकोस’ म्हणतात. ‘मुट्टै’ म्हणजे अंडे. आपला ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. शेजारच्या मामींनी आपुलकीने पोरियल पाठविले. मोहरी-उडीद डाळीची फोडणी, वरून ओले खोबरे. चव उत्कृष्ट, पण कोबी उघड्या कढईत परतलेला, करकरीत. आईला तो चावेना. तिने खोबरे तेवढे खाल्ले.

तेव्हा मी कुकर काढला. तुरीच्या डाळीचा माझा अनुभव दांडगा असल्यामुळे तोच नियम कोबीस लावला: पेलाभर पाणी, तीन शिट्ट्या आणि कुकर आपोआप गार होईपर्यंत प्रतीक्षा. झाकण उघडले तेव्हा आत राखी-हिरवा लगदा होता आणि दुर्गंधी जिन्यापर्यंत पोहोचली होती. मामी दारात येऊन काळजीने विचारू लागल्या, ‘‘तंबी, गॅस लीक?’’

मामींचे नाक चुकीचे नव्हते. कोबीत गंधकयुक्त द्रव्ये असतात. तो फार वेळ शिजला की ती विघटित होऊन हायड्रोजन सल्फाइडसारखे उग्र वायू बाहेर पडतात. घरगुती गॅसची गळती ओळखता यावी म्हणून त्यात मिसळतात ते मर्कॅप्टन हेही गंधकाचेच संयुग. आईने भांड्यात डोकावून एवढेच विचारले, ‘‘बँकेत सगळ्यांना एकच व्याजदर लावता का रे?’’

प्रश्न रास्त होता. प्रेशर कुकरचा मूळ पुरुष म्हणजे देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे 1679 मधील यंत्र. 1682 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने जे जेवण दिले, त्यात हाडेसुद्धा मऊ शिजली होती. आपल्याकडे 1959 मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर आले आणि डाळी, कडधान्ये, बटाटे यांचा वेळ वाचला. पूर्ण दाबाखाली आतील पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते. हाडे विरघळविण्यासाठी जन्मलेल्या या भांड्यात पानांची भाजी शिजवायची, तर त्याला वेळीच आवरावे लागते.

पाण्याचेही तसेच. कोबीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यावर पेलाभर पाणी ओतणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा करणे. अर्धा किलो बारीक चिरलेल्या कोबीस पाव वाटी पाणी पुरते. तेही तळ करपू नये आणि वाफ लवकर धरावी एवढ्यासाठीच.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा प्रयत्न केला. हरभऱ्याची डाळ मूठभर भिजत घातली. कुकरातच दोन चमचे तेलाची फोडणी केली: मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या. त्यात डाळ मिनिटभर परतली, मग कोबी घातला. मीठ बेतानेच घालावे. चिरलेल्या कोबीचा ढीग पाहून हात सैल सुटतो आणि शिजून तो निम्म्यावर येतो. पाव वाटी पाणी शिंपडून झाकण लावले, मध्यम आंच ठेवली. पहिली शिट्टी होताच गॅस बंद केला.

खरी मेख याच्या पुढे आहे. गॅस बंद केला तरी वाफ कोंडलेली असेपर्यंत भाजी शिजतच राहते. म्हणून चेहरा दूर ठेवून, लांब दांड्याच्या चमच्याने शिट्टी किंचित उचलून वाफ थोडी थोडी सोडावी. वाफेबरोबर पाणी उडू लागल्यास थांबावे आणि झाकणावर नळाचे थंड पाणी सोडावे. दाब पूर्ण उतरल्याखेरीज झाकणाशी झटापट करू नये, हे सांगणे नलगे. रिंग सैल झालेली असल्यास वाफच धरत नाही आणि आपण शिट्टीची वाट पाहत कोबी करपवितो. तीही आधीच तपासावी.

झाकण काढले तेव्हा रंग हिरवट-पिवळा राहिला होता. तळाशी पाणी होते, ते मोठ्या आंचेवर दोन मिनिटांत आटले. मामींची आठवण ठेवून ओले खोबरे घातले. लिंबू मात्र सर्वांत शेवटी, कारण शिजताना आंबट पडले तर हिरवा रंग मळकट होतो.

आईने पहिला घास बराच वेळ घोळविला. मी उगाचच शेगडी पुसत राहिलो. मग तिने ताट पुढे केले, ‘‘अजून थोडी वाढ.’’ तिसऱ्यांदा वाढताना तिने वाटीभर भाजी मामींकडे पाठविण्यासाठी बाजूला काढून ठेवावयास सांगितली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरीही त्या सायंकाळी मामी वाटी परत करावयास आल्या त्या तासभर बसल्या. वाटीत लिंबाचे लोणचे होते.

डाळ मात्र आणखी भिजावयास हवी होती, असे आईचे मत पडले. मी दोन तास भिजविली होती. आता तीन तास भिजवितो.