अंगच्या मापाची सायकल

सायकल विकत घेणारा मनुष्य सामान्यतः रंग, गिअर आणि किंमत यांची चौकशी करतो. तिच्या नळ्या एकमेकींना कोणत्या कोनात जोडल्या आहेत हे तो विचारीत नाही, आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. वस्तुतः ती ओझ्याखाली कशी वागेल, घाट उतरताना हँडल स्थिर राहील की थरथरेल, आणि चार तासांच्या बैठकीनंतर कंबर कुरकुर करील काय, या साऱ्याचा निकाल त्या कोनांनी व लांब्यांनी आधीच लावून टाकलेला असतो. कचेरी, मंडई, रविवारचा घाट आणि सामान लादून चार दिवसांची मुशाफरी ही सारी कामे एकाच सायकलीकडून करून घेऊ पाहणाऱ्याने म्हणूनच चौकट स्वतःच्या मापाने बांधून घ्यावी, आणि बांधणाऱ्याशी मसलत करण्यापूर्वी हा हिशेब थोडाफार समजून घ्यावा.

चौकटीच्या उंचीचा बाऊ उगाच केला जातो. जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर त्याला ०.८८३ ने गुणून पायडलचे दांडे (क्रँक) ज्याभोवती फिरतात त्या आसापासून बैठकीची उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते. फ्रेंच शर्यतींतून रूढ झालेला हा आडाखा सुरुवातीला पुरेसा आहे, आणि बैठक पुढेही वरखाली करता येतेच. खरा प्रश्न बैठकीपासून हँडलपर्यंतच्या लांबीचा. बैठकीखालची नळी ७३ ऐवजी ७२ अंशांवर उभी केली की तेवढ्या उंचीवरील बैठक सुमारे १२ मिलिमीटर मागे सरकते, आणि हँडल तितकेच दूर जाते.

तथापि चौकटीचा स्वभाव ठरतो तो पुढच्या भागात. ज्या नळीत हँडल फिरते तिची तिरकी रेषा तशीच खाली वाढवली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतराला ट्रेल म्हणतात, आणि इस्पितळातील ढकलगाडीची चाके जशी गतीच्या दिशेमागे आपोआप वळतात, तसे पुढचे चाक या अंतरामुळे सरळ राहू पाहते. चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर, नळीचा कोन ७२ अंश आणि चाक धरणाऱ्या चिमट्याचा पुढे काढलेला बाक ४५ मिलिमीटर धरला, तर ट्रेल सुमारे ६३ मिलिमीटर येतो. बाक ६५ केला की तो ४२ वर उतरतो. (धावती सायकल आपली आपण उभी राहते ती एवढ्याचमुळे, असे मात्र समजू नये. कॉर्नेल व डेल्फ्टच्या संशोधकांनी २०११ साली ट्रेलचा आणि फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणाचा आधार काढून घेतलेली सायकलही तोल सावरते, हे बांधून दाखवले.)

आता ओझे कोठे ठेवायचे हे सांगितल्यावाचून यांपैकी कोणता आकडा बरा, हे कोणीही सांगू शकणार नाही. पॅरिसनजीक लव्हाल्वा-पेरे येथील रने एर्स आणि १९३८ पासूनची अलेक्स सिंगेर यांची पेढी या नामांकित कारागिरांनी दूरच्या प्रवासाच्या सायकली बांधल्या, त्यांत सामानाची पिशवी हँडलपुढे असे आणि ट्रेल हेतुपुरस्सर कमी ठेवलेला असे. कारण पुढच्या चाकावर भार आणि वर मोठा ट्रेल अशी जोडी जमली की हँडल प्रत्येक वळणावर जड होऊन बसते. उलट आपल्याकडची काळी सायकल घ्या: २८ इंची चाके, मागे कललेले कोन, लांबलचक पाया, आणि दुधाच्या किटल्यांचा भार सारा मागे. ती चपळ नाही, पण दूधवाल्याला चपळाई नको होती.

बुटक्या माणसावर, आणि म्हणून बहुसंख्य स्त्रियांवर, तयार सायकलींनी सर्वांत मोठा अन्याय केला आहे. मोठ्या चौकटीची चाके जशीच्या तशी ठेवून लहान चौकट बनवली, की पायडल आणि पुढचे चाक यांमधील जागा आखडते. बोळात हळू वळताना बुटाचे टोक मडगार्डला लागते आणि स्वार आडवा होतो. १७० मिलिमीटरचा क्रँक, पायडलच्या आसापुढे आलेला सुमारे १०० मिलिमीटरचा बूट आणि मडगार्डसकट चाकाची ३५० मिलिमीटरची त्रिज्या मिळून ६२० मिलिमीटर होतात, आणि लहान चौकटीत इतके अंतर क्वचितच सापडते. यावर नेहमीच्या ७०० मापाच्या चाकाऐवजी लहान २६ इंची घेणे हा सरळ इलाज आहे. टायर तेवढाच जाड ठेवला तरी त्रिज्येत सुमारे ३० मिलिमीटर सुटतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली पेढी काढून पुढचे चाक २४ इंची असलेल्या सायकली स्त्रियांसाठी विकल्या, तेव्हा पुष्कळांना त्या विजोड वाटल्या असतील. हिशेब मात्र त्यांच्याच बाजूने होता.

मागच्या आडव्या नळ्यांची लांबी ४४० ते ४५० मिलिमीटर ठेवावी, म्हणजे टाच मागे लटकवलेल्या बॅगेला घासत नाही. शेवटी, माझ्या मते सर्वांत आधी, ठरवायचा तो टायर: ४० मिलिमीटरचा टायर आणि त्यावर मडगार्ड मावेल एवढी जागा चिमट्यात व मागच्या नळ्यांमध्ये आधीच मागून घ्या. हँडल, बैठक, गिअर पुढे केव्हाही बदलता येतील. जोडलेल्या नळ्यांमधील ही जागा वाढवून मिळणार नाही.