एकच ठाणे, स्पेलिंगं अनेक: रोमन लिपीबद्दलचे काही गैरसमज

देवनागरीत डोंबिवली कशी लिहायची यावरून कुणी वाद घालत नाही. रोमन लिपीत लिहायची वेळ आली, की मात्र एकाच सोसायटीतली दोन घरं दोन स्पेलिंगं देतात. एकाच्या 'व्ही'नंतर 'ए' असतो, दुसऱ्याच्या नसतो. एखाद्या पावतीवर तिथे 'आय'ही सापडतो. ठाण्याच्या शेवटी 'ई' की 'ए'? अंबरनाथच्या 'ब'नंतर 'ए' की 'ई'? कळव्याला 'व्ही' की 'डब्ल्यू'? यावर आपल्याकडे सगळ्यांची मतं ठाम असतात. त्यातली काही तपासून पाहू.

गैरसमज १ : मूळ स्पेलिंग एकच होतं, इंग्रजांनी ते बिघडवलं.

वस्तुस्थिती : रोमन लिपीत 'मूळ' स्पेलिंग असं काही नव्हतंच. शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाणे 'श्रीस्थानक' या संस्कृत नावाने येतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोच्या वृत्तांतात ते 'ताना' आहे. पुढे पोर्तुगीजांनीही साधं टी-ए-एन-ए लिहिलं. त्यांच्या भाषेत ठ नाही आणि ण नाही. कानाला जे जवळचं वाटलं ते त्यांनी लिहिलं. १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांनी दोन 'एन' लावले, कधी शेवटी 'एच'ही जोडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी त्यांच्या कागदोपत्री या 'टॅना'ला पोचली. 'टी'नंतरचा 'एच' पक्का झाला तो नंतर. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्याच्या खंडावर टी-एच-ए-एन-ए असं नाव आहे आणि पहिल्या 'ए'वर दीर्घत्वाची खूणही आहे.

कल्याण तर त्याहून जुनं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात ते 'कल्लिएना' आहे, सहाव्या शतकातल्या कॉस्मसकडे 'कल्लियाना'. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली, त्या काळच्या इंग्रजी लिखाणात ते 'सी' आणि दोन 'एल' घेऊन येतं. ज्याने ऐकलं त्याने आपापल्या भाषेच्या सवयीने लिहिलं. बिघडवायला आधीचं शुद्ध रूप रोमनमध्ये कुठेच नव्हतं.

गैरसमज २ : इंग्रज मनाला येईल तसं लिहायचे.

वस्तुस्थिती : सुरुवातीला तसंच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र भांडण दोन पद्धतींचं होतं. विल्यम जोन्सने १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात एक पद्धत मांडली. तिच्यात अक्षराची किंमत ठरलेली असे : अ-आ साठी 'ए', इ-ई साठी 'आय', उ-ऊ साठी 'यू', आणि दीर्घ स्वरावर खूण. जॉन गिलख्रिस्टची पद्धत इंग्रजी वाचणाऱ्याच्या जिभेला सोपी पडावी अशी होती. ऱ्हस्व अ साठी 'यू', ई साठी दोन 'ई', ऊ साठी दोन 'ओ'. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'यू' येतो तो याच वळणाचा.

१८७० च्या दशकात विल्यम हंटरने जोन्सच्या पद्धतीवर आधारलेली सरकारी पद्धत रूढ केली. ती हंटरची पद्धत म्हणून ओळखली जाते आणि आजच्या सरकारी रोमन लिखाणाचा पाया तीच आहे. पण लोकांच्या सवयीची झालेली स्पेलिंगं तिने मुद्दाम तशीच ठेवली. त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत राहिल्या. घोडबंदर रोडचं रूढ स्पेलिंग पाहा : 'बंदर'मधल्या ब ला 'यू' आहे, हे गिलख्रिस्टचं वळण. त्याच पत्त्यात पुढे येणाऱ्या ठाण्याचं स्पेलिंग हंटरच्या वळणाचं. काही जण आता बंदरलाही 'ए' लावतात. दोन्ही रूपांमागे आपापला नियम आहे.

गैरसमज ३ : शेवटी 'ए' असलेलं ठाण्याचं स्पेलिंग म्हणजे निव्वळ परकीयांचं अज्ञान.

वस्तुस्थिती : आपण लिहितो 'ठाणे', पण बोलताना कित्येक जण 'ठाणं' म्हणतात, जसं 'पुणं' म्हणतात. जुन्या लेखनात ही नावं 'ठाणें', 'पुणें' अशी अनुस्वारासह असत. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. बोलण्यातल्या 'ठाणं'ला रोमनमध्ये जवळचं अक्षर शोधायला गेलं तर 'ए'च हाती लागतो. हिंदीभाषकांच्या 'थाना' आणि 'पूना'शीही तो जुळतो. आजचं 'ई' आपल्या लेखी रूपाला धरून आहे, म्हणून ते स्वीकारणं योग्यच. पण 'ए' लावणाऱ्याने काहीच ऐकलं नव्हतं, असं म्हणता येत नाही.

आणि 'ई' आल्याने उच्चाराची हमी मिळालेली नाही. या स्पेलिंगचा एक जुना इंग्रजी शब्द आहे, 'थेन'. स्कॉटलंडमधल्या सरदारासाठी तो वापरत. शेक्सपिअरचा मॅकबेथ असाच एक 'थेन'. परदेशातला वाचक ठाण्याचं नाव कागदावर पाहतो तेव्हा त्याच्या तोंडी आधी तोच येतो.

गैरसमज ४ : डोंबिवलीच्या दोन स्पेलिंगांपैकी एक चूक असलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : दोन स्पेलिंगं दोन वेगळ्या गोष्टी लिहितात. देवनागरीत 'व' पूर्ण आहे, त्यात अ आहे. अक्षराला अक्षर ठेवायचं तर 'व्ही'नंतर 'ए' हवा. बोलताना मात्र आपण 'डोंबिव्ली' म्हणतो, तो अ गळतो. ध्वनीला ध्वनी ठेवायचा तर 'ए' नको. मध्य रेल्वे आणि कल्याण डोंबिवली महानगरपालिका यांनी 'ए'शिवायचं रूप घेतलं आहे. पश्चिम रेल्वेवरची बोरिवली आणि कांदिवली याच घडणीची नावं, पण त्यांच्या स्टेशनांच्या रोमन नावात 'ए' आहे. दोन्हीकडचे निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत; फक्त ते एकमेकांना विचारून झालेले नाहीत. मधे 'आय' घातलेल्या तिसऱ्या रूपाला मात्र ना अक्षराचा आधार आहे ना उच्चाराचा.

गैरसमज ५ : 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार वेगळे, म्हणून गावांची नावंही तशी ठरली.

वस्तुस्थिती : इंग्रजीत ते वेगळे आहेत, मराठीत व एकच. ठाण्यातच वर्तकनगर 'व्ही'ने लिहितात आणि वागळे इस्टेट 'डब्ल्यू'ने. डोंबिवलीला 'व्ही', भिवंडीला 'डब्ल्यू'. यामागे उच्चाराचा भेद नाही, पहिल्यांदा लिहिणाऱ्याची सवय आहे.

रोमन लिपीची अडचण इथेच थांबत नाही. ठ आणि थ दोघांनाही 'टी-एच'. ण आणि न दोघांनाही 'एन'. ळ आणि ल दोघांनाही 'एल'. कळवा आणि टिटवाळा यांतला ळ रोमनमध्ये हरवतो, म्हणून नव्याने आलेला प्रवासी 'कलवा', 'टिटवाला' म्हणतो. त्यात प्रांताप्रांताची रीतही निराळी. आपली लता नुसत्या 'टी'ने लिहिली जाते, डोंबिवलीतल्या तमिळ शेजाऱ्यांची लता 'टी-एच'ने. अक्षरांखाली टिंबं देऊन ठ आणि थ वेगळे दाखवता येतात. २००१ चं 'आयएसओ १५९१९' हे आंतरराष्ट्रीय मानक तेच करतं. पण ती टिंबं ग्रंथालयांत आणि संशोधनात टिकतात. फलक आणि अर्ज यांवरून ती आधीच गळालेली असतात.

गैरसमज ६ : स्पेलिंग बदललं म्हणजे गावाचं नाव बदललं.

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या घटना आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, ते नामांतर. देवनागरीतही नाव बदललं. ठाण्याचा 'ए' जाऊन 'ई' आला तेव्हा मराठी पाटीवर काहीच बदललं नाही. बांगलादेशच्या राजधानीचं रोमन स्पेलिंग १९८२ मध्ये बदललं, बंगालीतलं 'ढाका' होतं तसंच राहिलं. आपल्या सीमेवरच्या बेळगावचं प्रकरण मात्र या दोन्हींच्या मधलं आहे. कर्नाटकात १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचं सरकारी रोमन रूप बदललं, ते कन्नड उच्चाराला धरून. मराठी माणूस आजही बेळगावच म्हणतो. म्हणजे स्पेलिंग कुठल्या भाषेतल्या उच्चारावरून घ्यायचं, हाच तिथे वादाचा मुद्दा आहे.

स्पेलिंग बदलायलाही रीतसर मार्ग लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाची १९५३ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची हरकत नाही ना, हे पाहिलं जातं. घाई केली तर काय होतं ते तमिळनाडूने २०२० मध्ये अनुभवलं. हजाराहून अधिक ठिकाणांची स्पेलिंगं तमिळ उच्चारानुसार बदलल्याचा आदेश जूनमध्ये जाहीर झाला. कोइम्बतूरसारखी नावं इतकी लांबलचक झाली, की त्याच महिन्यात आदेश मागे घ्यावा लागला.

अधिकृत बदल झाला तरी जुनी रूपं एका रात्रीत पुसली जात नाहीत. ठाणे स्टेशनचा रेल्वे कोड आजही टी-एन-ए आहे, त्यात 'ई' नाही. शहर १९९५ मध्ये इंग्रजीतही मुंबई झालं, पण उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात 'बॉम्बे' अजून आहे.

गैरसमज ७ : हा गोंधळ फक्त आपल्याकडे.

वस्तुस्थिती : रोमानिया हा देश स्वतः रोमन लिपीत लिहितो. तरी इंग्रजीत त्याची तीन स्पेलिंगं चालत : 'आर'नंतर 'ओ', 'ओ-यू' किंवा नुसता 'यू'. दक्षिण कोरियाने २००० मध्ये रोमन लिपीचे नियम बदलले आणि 'पुसान' इंग्रजीत 'बुसान' झालं. कोरियन लिपीतली अक्षरं तीच राहिली. युक्रेनच्या राजधानीचं रशियन उच्चारावरून आलेलं रूप मागे पडून युक्रेनियन उच्चारावरचं 'कीव' रूप अलीकडे जगभर स्वीकारलं गेलं. ऐकणारा कोण, नियम कुठला आणि अधिकार कुणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली की स्पेलिंग बदलतं, मग देश कुठलाही असो.

गैरसमज ८ : पत्त्यातलं स्पेलिंग निराळं असलं की पत्र पोचत नाही.

वस्तुस्थिती : टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आणला, त्याचा एक हेतू हाच होता. गावांची नावं सारखी असोत वा नावांची स्पेलिंगं निरनिराळी, ४२१२०१ म्हटलं की डोंबिवली पूर्व आणि ४२१३०१ म्हटलं की कल्याण. पोस्टमनला एका 'ए'ने फरक पडत नाही. फरक पडतो तो संगणकाला. त्याच्या लेखी 'ए' असलेली डोंबिवली आणि नसलेली डोंबिवली ही दोन गावं आहेत, आणि ऑनलाइन अर्जातला पत्ता जुळत नाही तो बहुधा यामुळेच.

तेव्हा कागदपत्रांत महापालिका आणि रेल्वे वापरतात ते स्पेलिंग घ्यावं आणि सगळीकडे तेच ठेवावं. ते इतरांपेक्षा शुद्ध आहे म्हणून नव्हे, तर कुणीतरी एक ठरवणं गरजेचं असतं म्हणून. उच्चार शिकवण्याचं काम मात्र रोमन अक्षरांवर सोपवू नये. त्यांना ते कधीच जमलेलं नाही. पाटीवर, पत्रिकेत, संकेतस्थळावर देवनागरी नाव आधी आणि ठळक लिहिलं, तर ठ, ण आणि ळ शाबूत राहतात, आणि 'ए' की 'ई' हा वाद फक्त अर्ज भरण्यापुरता उरतो.